कधीच गेम न खेळलेल्या शिक्षकांना माइनक्राफ्ट एज्युकेशन कसं शिकवावं?

माइनक्राफ्ट एज्युकेशन म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या माइनक्राफ्ट या गेमची शाळांसाठीची आवृत्ती. ती शिकवताना प्रोजेक्टर लावून तासभर भाषण दिलंत तर काहीही होणार नाही. पहिल्या दिवशी शिक्षणशास्त्र बाजूला ठेवा आणि फक्त चालायला शिकवा. डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांनी चालणं आणि त्याच वेळी माउसने मान वळवणं, यातच नवख्याची निम्मी ताकद जाते. (पंचवीस वर्षं वर्ग गाजवणाऱ्या बाई भिंतीला धडकत राहतात, तेव्हा हसू नये.) सरावासाठी गेममध्ये तयार ट्यूटोरियल जग आहेच.

मग सगळ्यांना एकाच जगात घ्या. यजमानाने जग सुरू केलं की चित्रांचा जॉइन कोड मिळतो, तो टाकून बाकीचे आत येतात. काम ओळखीचं द्या: दिवाळीत अंगणात करतो तसा किल्ला, चौघांनी मिळून. दहा मिनिटांत कोणीतरी दुसऱ्याचा बुरूज पाडेल. पाडू द्या! वर्गात नेमकं हेच होणार आहे. त्यानंतर अलाउ, डिनाय आणि बॉर्डर ब्लॉक (परवानगी, मनाई आणि हद्दीचे ठोकळे) दाखवा, म्हणजे कुठे बांधता येईल आणि कुठवर जाता येईल हे शिक्षकाला ठरवता येतं. गोंधळ आधी अनुभवला असेल तर हे ब्लॉक लगेच डोक्यात बसतात.

धडा शेवटी. गेममधल्या तयार धड्यांपैकी एक घेऊन तो आपल्या पाठ्यपुस्तकाच्या एका घटकापुरता कापायचा, बस्स. वर्गात पटाईत मुलांना मदतनीस करा, त्यात कमीपणा कसला?

आणि लॉगिन आदल्या दिवशीच तपासा. तास बहुतेक वेळा तिथेच बुडतो.