पुण्याहून दिल्लीला आई-बाबा, आम्ही दोघं आणि एक मूल पहिल्यांदाच विमानाने जाणार. आई घाबरते. स्वस्त तिकीट कसं निवडावं?

सकाळची थेट फ्लाइट घ्या. मधे थांबणारी हजार-पाचशेने स्वस्त दिसली तरी सोडून द्या. सकाळची यासाठी की दिवसभरात एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीवर चढत जातो, शिवाय दुपारी जमीन तापली की हवेतले धक्के वाढतात. पहाटे चारची मात्र नको, झोपमोड झालेली माणसं जास्त घाबरतात.

भाडं बघताना आधी पाच जणांचं आणि मग एकाचं शोधून पाहा. स्वस्त दरातल्या दोनच जागा उरल्या असतील, तर पाच जण एकत्र शोधल्यावर बहुतेकदा पाचही तिकिटं वरच्या दराने दिसतात. फरक मोठा असेल तर दोन आणि तीन अशी वेगळी काढा. प्रत्येक बुकिंगमध्ये एक धीट माणूस हवाच.

नाव आधारवर आहे तसंच टाका. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर मांडीवर बसतं, पण त्याचं तिकीट लागतं. जन्मदाखला जवळ ठेवा. साध्या तिकिटात सहसा माणशी 15 किलोची मोठी बॅग आणि हातात 7 किलो एवढंच चालतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणचं मोठ्या बॅगेत, खोबऱ्याच्या वाट्या घरीच.

पैसे मोजायचेच तर आईच्या सीटवर मोजा: पंखाजवळची, मधल्या वाटेच्या कडेची. तिथे हेलकावे कमी जाणवतात. फक्त आपत्कालीन दाराची रांग टाळा, तिथे मुलांना बसवत नाहीत आणि वयस्करांनाही सहसा उठवतात.