रात्रीचा नकाशा आणि सातवीचा भूगोल

प्रश्न : सर, माझी मुलगी सातवीत आहे. भूगोल म्हणजे नुसतं पाठांतर, असं तिला वाटतं. रात्रीची उपग्रहचित्रं दाखवून शिकवता येईल का?
– एक पालक, कराड

उत्तर : नक्की येईल, ताई. साताऱ्यात मी वर्गात हेच करतो. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहाच्या नोंदींवरून नासाने केलेला रात्रीचा नकाशा उघडा आणि नावं झाका. आधी इजिप्त. वाळवंटाच्या काळोखात नाईलचा काठ नि त्रिभुज प्रदेश लख्ख उजळलेला दिसतो; माणसं पाण्याकाठी का राहतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग आपल्याकडे या. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर तिला ओळखू द्या. सांगली-मिरज जरा पूर्वेला. पश्चिमेला मात्र शिवसागर जलाशय आणि कोयना-चांदोलीचं जंगल काळंभोर. कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प चालतो, तरी तिथे अंधार का? हे तिलाच विचारा, आणि कृपा करून उत्तर घाईने सांगू नका.

उजेड म्हणजे लोकसंख्या, असं मात्र समजू देऊ नका. तेलविहिरींवर जळणारा वायूही चमकतो, भर समुद्रातल्या मासेमारी बोटीही. असे ठिपके दिवसाच्या नकाशाशी ताडून बघायला लावा.