जिम लावली आणि हरिपाठ चुकायला लागला, पाप लागेल का?

"मॅडम, जिमला जायला लागल्यापासून देवाकडे दुर्लक्ष होतंय, माझं काही चुकतंय का?" मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न गेल्या दोनतीन वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की आता माणूस खुर्चीत बसायच्या आधीच ओळखू येतो. कुणाची पूजा राहते, कुणाचं पारायण अर्धवट सुटतं, कुणाची आई म्हणते सकाळी उठून आरशात दंड काय बघत बसतोस. उलटेही येतात बरं का, ध्यान करतो मग व्यायामाची गरजच काय म्हणणारे. म्हणून एक केस लिहितेय, परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

गृहस्थ सेहेचाळीस वर्षांचे, अकाउंट्समध्ये नोकरी, गळ्यात तुळशीची माळ, घरात वारी. ते सगळ्यांना माउली म्हणतात म्हणून आपणही त्यांना माउलीच म्हणू. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) आठच्या वर गेली, डॉक्टरांनी वजन कमी करा आणि वजनं उचला असं दोन्ही सांगितलं, यांनी जिम लावली. दोन वर्षांत चार वेळा लावली आणि चारही वेळा सोडली. वडील म्हणायचे, शेवटी मातीच होणारे, त्या देहाचे एवढे लाड कशाला. आणि कोच म्हणायचा, काका अंडी खा नाहीतर काही होणार नाही. माउली मधे सँडविच.

पहिले तीन सेशन आम्ही वडील आणि कोच यांच्यातच फिरत होतो. चौथ्यांदा त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, अकाउंट्सचा माणूस शेवटी. पट्टीने आखलेले दोन रकाने, एकावर 'ह' एकावर 'जि', केलं तर निळी बरोबरची खूण, राहिलं तर लाल फुली. लाल शाई भरपूर होती.

"हरिपाठ राहिला तर काय होतं?"
"पाप लागतं."
"आणि जिम राहिली तर?"
जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू का, तेच वाटतं."

मी त्यांचंच वाक्य कागदावर लिहिलं, हरिपाठ झालाच पाहिजे, जिम झालीच पाहिजे, आणि दोन्ही 'च'ना गोल केला. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारात वाढलेली, त्यामुळे माझे कान या 'च'साठी कायम टवकारलेले असतात. हरिपाठ व्हावा ही इच्छा झाली, ती छानच आहे, पण त्यात 'च' घुसला की त्याची फौजदारी होते आणि माणूस तारखेला जायचंच टाळायला लागतो. माउलींनी चार वेळा जिम सोडली ती आळसाने नाही, एक फुली पडली की पुढचं सगळंच नको वाटायचं म्हणून.

पण हे मी सांगून काही हललं नाही, मान डोलावली आणि गेले. पुढच्या वेळी मी सहज विचारलं, पंढरपूरला शेवटचं कधी गेलात? म्हणाले दोन वर्षं झाली. मग आता गेलात तर तो काय म्हणेल? ते हसले, "तो काय म्हणणार मॅडम, तो उभाच आहे कमरेवर हात ठेवून, अठ्ठावीस युगं." आणि माळेचा मणी फिरवत होते ते बोट थांबलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे ही वही तो मागतच नाहीये. मीच लिहितोय."

मी गप्प बसले. वीस वर्षांच्या कामात एवढं शिकलेय की अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं तर तो वाट लावतो. त्यांनीच पुढे जोडलं, "आणि जिममधला तो रॅक, तोही उभाच असतो की." दोघंही हसलो.

त्या दिवशी मला जाणवलं की भांडण देव आणि देह यांच्यात नव्हतंच, आपल्याकडे ते कधी नव्हतं. कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या तालमीत जा, मारुती असतोच, आणि पैलवान आखाड्यातली माती कपाळाला लावूनच उतरतो. सूर्यनमस्कारातही प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एक नाव आहे. दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालणाऱ्या वारकऱ्याला तुम्ही कार्डिओ म्हणून सांगितलंत तर तो हसेल.

मग आम्ही साध्या गोष्टी ठरवल्या. आठवड्यात दीडशे मिनिटं घाम येईल असं चालणं आणि दोन दिवस वजनं, जागतिक आरोग्य संघटनाही साधारण एवढंच सांगते, रोजचा हट्ट नाही. माळकऱ्याने अंडी खायची गरज नाही, डाळी, सोयाबीन, पनीर, दही, आणि जिममधली व्हे प्रोटीन पावडर तर दुधातूनच येते. एकादशीला मात्र साबुदाणा खिचडीचा डोंगर खाऊन त्याला उपास म्हणू नका, साखरवाल्यांनी तर नाहीच, आणि गोळ्या चालू असतील तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा कारण साखर खालीही जाते. आणि एक माझी कल्पना, जी कुठल्या कोर्समध्ये शिकले नव्हते: वजन उचलताना तोंडाने हळू 'विठ्ठल' म्हणायचं. भक्ती तर आहेच, पण बोलताना श्वास रोखता येत नाही, आणि श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं. कोचला ओरडून सांगावं लागत होतं काका श्वास सोडा, ते आपोआप झालं.

ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी नाम घ्यायची काही गरज नाही. माझा एक नास्तिक क्लायंट दर रविवारी पहाटे सिंहगड चढतो, वर पोचल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोलत नाही, मग पिठलं भाकरी. मला ते पुरेसं वाटतं. फक्त गुडघा दुखत असताना 'देव बघून घेईल' म्हणून स्क्वॉट मारणारे आणि महाराजांनी सांगितलं म्हणून गोळ्या बंद करणारे, यांच्याशी मी वाद घालते, आणि आवाज चढवून घालते.

माउली आता महिन्यातून एकदा येतात. डायरी आहे, लाल पेन नाही. परवा सांगत होते, कोच सोमवारीच विचारतो, "काका, या आठवड्यात एकादशी कधी आहे, त्या दिवशी हलकं घेऊ."