बोटीचा ऑटोपायलट आणि चार्टप्लॉटर (नकाशा व मार्ग दाखवणारा स्क्रीन) एनएमईए २००० या बोटीवरच्या उपकरणांच्या नेटवर्कवर जोडले आहेत. पायलट हेडिंग (ठरवलेली दिशा) धरतो, पण रूटवर का चालत नाही?

बहुतेक वेळा प्लॉटरवर रूट नुसता उघडलेला असतो, त्यावर नॅव्हिगेशन सुरू केलेलं नसतं; आधी ते सुरू करा, मग पायलट ट्रॅक मोडमध्ये (रूट पाळण्याच्या मोडमध्ये) टाका. ट्रॅक मोडला प्लॉटरकडून १२९२८३ (मार्गापासूनचं अंतर) आणि १२९२८४ (पुढच्या वेपॉइंटची, म्हणजे रूटवरच्या पुढच्या बिंदूची माहिती) हे पीजीएन (नेटवर्कवरचे क्रमांक दिलेले संदेश) लागतात आणि सहसा ते नॅव्हिगेशन चालू असतानाच नेटवर्कवर येतात. हेडिंग धरायला पायलटला स्वतःचा कंपास पुरतो, म्हणून तो भाग चालतो.

पीजीएन तरीही दिसत नसतील तर वायरिंग तपासा. नेटवर्कची वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेमध्ये रेझिस्टन्स मोजा: साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एक टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) गायब आहे, ४० आला तर तिसरा कुठेतरी घुसलाय (हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो). टर्मिनेटर बॅकबोनच्या (मुख्य केबलच्या) दोन टोकांनाच हवेत आणि प्रत्येक ड्रॉप केबल (बॅकबोनपासून उपकरणापर्यंतची) ६ मीटरच्या आत.

एक लक्षात ठेवा: दोन्ही उपकरणं वेगळ्या कंपन्यांची असतील तर पायलट रूट पाळेल, पण प्लॉटरच्या स्क्रीनवरून तो चालू-बंद करता येईलच असं नाही. ते आदेश बहुधा कंपनीचे खासगी असतात; म्हणून पायलटचा स्वतःचा कंट्रोल हेड (बटणांचं पॅनेल) काढू नका.