मे महिन्यात काय खाणार?

बदलापूर, मार्गशीर्ष

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेला प्रोजेक्ट रिपोर्ट दोनदा वाचला. एकदा रात्री जेवणानंतर आणि एकदा सकाळी हातात पेन्सिल घेऊन. ऐरोलीची नोकरी सोडून मुरबाडला गावी जायचं, बाबांच्या तीन एकरांत शेळ्या पाळायच्या, जोडीला दहा संकरित गाई, दूध नवी मुंबईच्या सोसायट्यांना. तुझी तळमळ पानापानावर दिसते. म्हणूनच उत्तर फोनवर न देता लिहून देतोय, म्हणजे बाबांनाही वाचून दाखवता येईल.

पहिल्याच पानावर आकडा आहे, १०० शेळ्या आणि ५ बोकड. हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात या गटाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख. योजना चांगली आहे, गरजूंनी घ्यावीच. पण तो आकडा दिल्लीत ठरला, तुमच्या बांधावर उभं राहून कुणी ठरवला नाही. आपण तो बांधावर जाऊन पुन्हा मांडू.

३० किलोच्या शेळीला, चाऱ्यातलं पाणी वजा केलं तर, रोज साधारण सव्वा किलोच्या आत-बाहेर सुका चारा लागतो. १०५ जनावरांचे झाले सव्वाशे किलो. जानेवारी ते मे हे १५० दिवस धर, म्हणजे १८ ते १९ टन. करडं यात धरलेली नाहीत. आता तीन एकर भातातून तुमच्याकडे पेंढा किती निघतो? फार तर चार-साडेचार टन. त्यातही शेळी पेंढ्याला तोंड लावते ते नाइलाजानं, तिला पाला लागतो. संकरित नेपियर लावू असं तू लिहिलंयस. यशवंत, जयवंत ही गवतं भरघोस येतात, पण पाण्यावर. तुमच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं हे तूच पान सातवर लिहिलंयस आणि पान नऊवर नेपियरच्या बारमाही कापण्या मांडल्यायस. ही दोन पानं एकमेकांना भेटलेलीच नाहीत.

आपल्या ठाणे जिल्ह्याची अडचण हीच आहे. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने माळ करपत जातो. ऑगस्टमध्ये गाव पाहिलेल्याला वाटतं, इथे हजार जनावरं जगतील. म्हणून माझं एकच सांगणं आहे, कळपाचा आकडा मे महिन्यावरून काढ. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, विकतची एक पेंढी न आणता तुझ्या जमिनीवर जेवढी जनावरं पोटभर खातील, तेवढीच तुझी. बाकीची कर्जाची.

जंगलात चरायला सोडू, असं बाबा म्हणतील. दहा शेळ्या सोडल्या तर कुणी काही बोलणार नाही. शंभर सोडल्यास तर दोन हंगामांत तो उतार बोडका होईल, आणि तिथल्याच पाल्यावर ज्या ठाकर-कातकऱ्यांच्या चार-चार शेळ्या जगतात, त्यांचा घास जाईल.

दुसरी गोष्ट जातीची. तू उस्मानाबादी शेळी निवडलीयस. गुणी शेळी आहे, जुळी देते, पण ती मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली. मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीत असताना टोकावड्याच्या बाजूला एका शेतकऱ्यानं जूनच्या पहिल्या आठवड्यात घाटावरच्या बाजारातून चाळीस शेळ्या आणल्या. शेड नवं होतं, पत्रे चकचकीत होते, जमीन मात्र मातीची. जुलैत सलग नऊ दिवस पाऊस लागला. लेंड्या, मूत आणि झिरपलेलं पाणी यांचा चिखल झाला. आधी खुरं सडली, मग करडं खोकायला लागली. मी रोज जात होतो, इंजेक्शनं देत होतो, आणि मनातून कळत होतं की हा रोग औषधाचा नाही, जमिनीचा आहे. पोळ्यापर्यंत चौदा उरल्या. त्या माणसानं बायकोचे दागिने गहाण टाकले होते. त्यानं शेळ्या आणण्याआधी मला विचारलं होतं आणि मी घाईत "चांगली जात आहे, आण" एवढंच म्हणालो होतो. तेव्हापासून मी कुणालाही घाईत उत्तर देत नाही.

म्हणून आपल्याकडे शेळीला माचाण हवं. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांचं, फटीतून लेंडी खाली पडेल पण खूर अडकणार नाही असं. खालचं लेंडीखत भाताच्या रोपवाटिकेला जातं. जातीत कोकण कन्याळ बघ. सिंधुदुर्गातली आहे, पावसाचा मार तिच्या रक्तात मुरलेला आहे. आणि गावठी शेळ्यांना नाक मुरडू नकोस. तुमच्याच वाडीतल्या चांगल्या वेताच्या दोन-तीन माद्या निवडून ठेवल्यास, तर निम्मं काम झालं. आफ्रिकन बोअरचा बोकड लाखाच्या भावानं विकणारे भेटतील. त्यांचा धंदा बोकड विकण्याचा आहे, मटणाचा नाही, हे लक्षात ठेव.

पावसाळ्यातलं आणखी एक. भाताच्या खाचरात, जिथे पाणी साचून राहतं, तिथे गोगलगायी असतात. त्यांच्यातून यकृतातले चपटे कृमी गवताच्या बुडाला येऊन चिकटतात. शेळीनं ते गवत खाल्लं की दोन-तीन महिन्यांनी ती रोडावते, पापणी उलटून पाहिली तर आत पांढरीफटक दिसते आणि संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबते. ती पिशवी पाहून लोक गळ्याचं औषध मागायला येतात. मी मेलेली शेळी उघडून दाखवायचो. यकृतावरच्या पित्तनळ्या बोटासारख्या जाड झालेल्या, आणि सुरी फिरवली की आतून बारक्या पानांसारखे किडे बाहेर येतात. एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी पुन्हा कधी खाचराच्या कडेला शेळ्या बांधत नाही. पावसाच्या तोंडावर आणि पाऊस सरल्यावर जंताचं औषध, तेही लेंडी तपासून. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाआधी, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची वेळेवर. दवाखान्यात यासाठी फार पैसे लागत नाहीत, लागतं ते लक्ष.

आता गाई. होल्स्टीन या विलायती गाईचा संकर पारा २५-२६ अंशांच्या वर गेला की दूध तोडायला लागतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा कुठे असतो, आणि वर घामट हवा. पंखे, फवारे, गोचिडांपासून होणारा थायलेरिओसिस हा रक्ताचा रोग, सगळ्याचा खर्च मांड आणि मग लिटरचा भाव बघ. दहा गाईंना शंभर शेळ्यांइतकाच सुका चारा लागेल, हे तर मांडायचंच राहिलंय. तुमच्या गोठ्यात दोन डांगी गाई, एक कालवड आणि बैलजोडी उभी आहे. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, पाऊस तिच्या पाठीवरून घसरून जातो. खूर काळे आणि कठीण, चिखलात सडत नाहीत. शहापूर, मुरबाड, अकोले, इगतपुरी या पट्ट्यानं ही गाय घडवली. दूध दोन-तीन लिटरच, हे खरं आहे. त्यावर सोसायट्यांना पुरवठा होणार नाही हेही खरं.

तू शेवटच्या पानावर पर्यावरणाचं लिहिलंयस, ते मला सर्वांत जास्त आवडलं आणि तिथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०२३ मध्ये मांडलेला हिशेब असा, की माणसाच्या कामांतून जे हरितगृह वायू हवेत जातात त्यातले साधारण १२ टक्के पशुपालनाचे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या ढेकरेतून निघणारा मिथेन हा त्यातला मोठा वाटा. आणि आपल्यासारख्या देशांत, आफ्रिकेत, एका लिटर दुधामागे निघणारा मिथेन युरोपपेक्षा जास्त असतो. हे ऐकून राग येतो, मलाही यायचा. पण कारण साधं आहे. उपाशी कालवड चार-साडेचार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. तोवर ती रवंथ करतच असते. मग वेतांमध्ये दोन-दोन वर्षांचं अंतर. दूध थोडं, ढेकरा वर्षभर.

याचा अर्थ डांगी विकून होल्स्टीन आण असा नाही. आहे ती कालवड नीट वाढवली, खनिज मिश्रण दिलं, जंत काढले आणि ती तीन वर्षांत व्यायली, तर त्याच गाईच्या दर लिटरमागचा मिथेन खाली येतो आणि घरात दूधही वाढतं. गरीब देशांत पर्यावरण आणि पोट यांचा मार्ग इथे एकच होतो. १९७० साली सुरू झालेली दुग्धक्रांती अशाच घरांवर उभी राहिली. दोन-तीन जनावरं, शेतातला उरलेला चारा, आणि दोन वेळा डेअरीवर जाणारी किटली.

गाईंचा पेंढा सुधारायची एक रीत करून बघ. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर पसरायचा, झारीनं शिंपडायचं, पायानं दाबायचं, वर पुन्हा थर. शेवटी प्लॅस्टिकनं घट्ट झाकून २१ दिवस हात लावायचा नाही. उघडशील तेव्हा डोळ्यांतून पाणी येईल असा अमोनियाचा वास येईल आणि पिवळा पेंढा तपकिरी झालेला दिसेल. तासभर उघड्यावर पसरून मगच टाक. पहिले दोन दिवस गाई वास घेऊन मागे सरतील, आठवड्यात चाटूनपुसून खातील. सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचा नाही, आणि युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडाला लागता कामा नये, तासाभरात जीव जातो. बादली तिथेच धुऊन पालथी घाल.

पाच मोठ्या जनावरांचं शेण रोज ५० किलोच्या आसपास होतं, दोन घनमीटरच्या गोबरगॅसला तेवढं पुरतं. आई चुलीपुढे खोकते, हे तू मला सांगितलं होतंस. संयंत्राची जागा रिपोर्टमध्ये शेडच्याही आधी धर. बाहेर पडणारी स्लरी शेतात जाईल. आपल्याकडे राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून काढायला, शेण जाळतात, ते तेवढं तरी वाचेल.

आईवरून आठवलं. खर्चाच्या तक्त्यात 'मजुरी, घरचे लोक' यापुढे तू शून्य लिहिलंयस. ते वाचून मी थोडा वेळ थांबलो. पहाटे शेण काढणार कोण, चार मैलांवरून पाल्याचा भारा आणणार कोण, रात्री अडलेल्या शेळीपाशी बसणार कोण? आजी आणि आई. त्या शून्याच्या जागी रोजंदारीचा खरा आकडा घाल. तरीही धंदा फायद्यात राहिला तरच तो धंदा.

रवांडामध्ये २००६ पासून गिरिंका नावाचा कार्यक्रम चालतो. गरीब कुटुंबाला एक गाय देतात आणि तिला झालेली पहिली कालवड त्या कुटुंबानं शेजाऱ्याला द्यायची. आपल्याकडे अर्धलीनं, म्हणजे होणारी करडं निम्मी-निम्मी वाटून घ्यायच्या बोलीवर, शेळी देण्याची चाल जुनीच आहे. दहा शेळ्यांचं नीट बसलं, की पुढची वाढ स्वतःच्या शेडमध्ये न करता वाडीतल्या पाच घरांत पाटी, म्हणजे तरण्या माद्या, देऊन कर. चारा पाच ठिकाणचा, रोगाची जोखीम पाच ठिकाणी वाटलेली, विक्री मात्र एकत्र. बकरी ईदला दोनदाती, निर्दोष बोकड लागतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून माज कधी धरायचा याचं कॅलेंडर आत्ताच भिंतीवर लाव. करडं नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मली तर जगतात, जुलैतली बहुतेक हातची जातात.

औषधांबद्दल एक गोष्ट लिहितो, ती माझ्यावर आहे. नव्वदच्या दशकात मी तापलेल्या, लंगड्या जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक भरपूर टोचलं. स्वस्त होतं, जनावर तासाभरात उठून उभं राहायचं, शेतकरी हात जोडायचा. त्यातलं जे जगलं नाही ते गावाबाहेर टाकलं जायचं आणि गिधाडं यायची. त्या मांसातून औषध त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरात शंभरातली नव्व्याण्णव गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही. आता मेलॉक्सिकॅम आहे, ते चालतं. मला कुणी दोष दिला नाही, कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण माळशेजच्या बाजूला आभाळ रिकामं दिसतं तेव्हा मला माझी सिरिंज आठवते. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून गोठ्यात काही टोचू नकोस. प्रतिजैविक दिलं तर बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत दूध विकू नकोस, फेकावं लागलं तरी चालेल.

नोकरी लगेच सोडू नकोस. दहा शेळ्या आणि एक बोकड, एक पावसाळा, एक मे. बांधावर शेवगा, हादगा, गिरिपुष्प आणि थोडं सुबाभूळ या जूनमध्येच लाव. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खाऊ घालायचं नाही. ही झाडं हाताशी यायला दोन वर्षं जातील, तोवर पगार चालू असलेला बरा.

आणि या रविवारी गावी गेलीस की आजीला विचार, मे महिन्यात ती गाईंना काय घालते. कुठल्या झाडाच्या फांद्या, कुणाच्या बांधावरच्या, किती दिवस पुरतात, सगळं वहीत लिहून घे. पौष पौर्णिमेला मी म्हशाच्या यात्रेला जाणार आहे, डांगी खोंडं बघायला. बाबांना घेऊन ये. बदलापूरहून सकाळी सहाला निघू, उन्हाच्या आत बाजार बघून होतो. वही सोबत आण.

तुझा,
डॉक्टरकाका