वाचक विचारतात : उजनीच्या पाण्यातला प्रोब

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यात आमचे माशांचे पिंजरे आहेत. पाण्यातला ऑक्सिजन मोजायला लावलेला प्रोब (सेन्सरची नळी) पहिला आठवडा नीट चालला. आता ऑक्सिजन दुपारी लिटरला १४ मिलिग्रॅम दाखवतो आणि पहाटे २. विक्रेता म्हणतो, सेन्सर बदला. बदलावा का? (टेंभुर्णी)

उत्तर : एवढ्यात नको. हिरव्यागार पाण्यात हा चढउतार खराही असतो. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडते आणि रात्री तेच तो ओढून घेते. घोळ असा की सेन्सरच्या टोपीवर बसलेला बुळबुळीत थरही नेमके हेच करतो, आणि आलेखावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पुसण्याआधी मोजा.

तलावाचेच पाणी बादलीत घेऊन सावलीत ठेवा. प्रोब न पुसता त्यात सोडा, आकडा स्थिरावला की लिहून घ्या. मग मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने टोपी धुऊन त्याच बादलीत पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक थराचा. बादलीतले पाणीही बदलत असते, त्यामुळे हे सारे पंधरा मिनिटांत उरका. टोपीला स्पिरिट किंवा ॲसिटोन लावू नका, संवेदक थर खराब होतो.

त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा नीट जुळवलेला आहे का, ते तपासा. प्रोबच्या कॅलिब्रेशन कपाच्या तळाशी बोटभर पाणी ठेवा आणि प्रोब त्यात बसवा. टोपी पाण्याला टेकता कामा नये, तिच्यावर थेंबही नको. झाकण एक आटा सैल ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबा. इथे बहुतेक जण चुकतात ते हवेच्या दाबात. सोलापूर परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच, त्यामुळे इथला दाब पाऱ्याच्या ७२० मिलिमीटरच्या आसपास असतो. यंत्रात समुद्रसपाटीचे ७६० तसेच राहिले तर आकडा सुमारे पाच टक्के चढा येतो. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला जुळवलेला असतो, तो भरू नका.

धुतल्यावरही पहाटे २ च आले तर ते खरे धरा. त्या वेळी माशांना खाद्य टाकू नका, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर लावा. उन्हाळ्यात दर आठवड्याला प्रोब धुवावाच लागेल. सेन्सर आपोआप पुसणारा वायपर असला तरी त्याच्या केसांत गाळ साचतो. वायपर सेन्सरच्या भिंगावरच थांबत असेल तर गढूळपणाचा आकडा मधूनच उसळतो.

प्रश्न : पाणी उतरले की प्रोब गाळात रुततो. (करमाळा)

उत्तर : तो खांबाला नव्हे, तरंगत्या बोयाला टांगा, पृष्ठभागापासून एक मीटर खाली. उजनीचा जिवंत साठाच ४९१.०३ ते ४९६.८३ मीटर या पातळ्यांमध्ये आहे, म्हणजे जवळपास सहा मीटरचा फरक. धरण मायनसमध्ये, म्हणजे जिवंत साठ्याच्या खाली, गेले की पातळी त्याहूनही उतरते. जागा निवडताना आधी दोरीला वजन बांधून खोली मोजा. सहा मीटर वजा करूनही प्रोबखाली दोन-तीन मीटर पाणी उरले पाहिजे.

पाणी उतरले की नांगराची दोरी सैल पडते आणि प्रोबला वेढे घालते. दोरीच्या मध्यावर दोन-तीन किलोचे वजन बांधले की सैल भाग खाली बसतो. प्रोबचा भार केबलवर टाकू नका, वेगळी स्टीलची तार द्या. भोवती ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, त्याला भरपूर भोके पाडा. तळ उघडा ठेवून आडवा बोल्ट टाका, म्हणजे गाळ साचत नाही. तांब्याची जाळी शेवाळ रोखते, पण ॲल्युमिनियमला टेकली तर ॲल्युमिनियम गंजते. शॅकलची (दोरी-तार जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधाच, लाटांनी ती फिरत फिरत सुटते. आणि आसपासच्या मच्छीमारांना जागा दाखवून ठेवा, जाळी अडकून बोया हरवणे फार सोपे.

प्रश्न : पीएच प्रोब कोरडा पडला. (सोलापूर)

उत्तर : ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर बुडवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच ठेवू नका, ते आतले क्षार ओढून घेते. मग ७ आणि १० पीएचच्या बफरमध्ये (ठराविक पीएचच्या द्रावणात) मिलिव्होल्ट पाहा. २५ अंश सेल्सिअसला दोन्हींतला फरक १६५ ते १८० मिलिव्होल्टच्या दरम्यान आला तर प्रोब वाचला. बराच कमी आला तर मात्र नवा घ्या.