पन्हाळ्याचे बूट केदारकंठ्याला चालतील का?

प्रश्न : आम्ही चौघे दरवर्षी पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालतो. येत्या जानेवारीत उत्तराखंडातील केदारकंठा करण्याचा विचार आहे. तेच बूट चालतील का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चिखलात उत्तम पकड घेणारा तळवा घट्ट बर्फावर फारसा उपयोगी पडत नाही. सुमारे १२,५०० फुटांच्या माथ्याकडे पहाटे चढताना, आदल्या दिवशी पायांखाली दाबला गेलेला बर्फ रात्रीत गोठून काचेसारखा झालेला असतो. तेथे बुटांवर चढवायचे धातूचे दाते, म्हणजेच मायक्रोस्पाइक्स, हवेतच. (चढापेक्षा उतारावर माणसे अधिक घसरतात, हे मसाईच्या पठारावरून उतरताना तुम्हाला कळलेच असेल.) दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होऊन पाय रुतू लागतात, म्हणून माथ्यावर रेंगाळू नये. सुती कपडे मात्र कोल्हापुरातच ठेवावेत, कारण घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि थांबताक्षणी अंग गार पडते. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी; पाणी वरून गोठत येते, त्यामुळे झाकणाची बाजू मोकळी राहते. डोके दुखून मळमळू लागल्यास चढणे थांबवावे आणि त्रास वाढलाच तर, माथा समोर दिसत असला तरी, खाली उतरावे.